शिवणीतलं पाणी

नणंद-भावजय एकाच प्रयोगशाळेत कामाला आहेत म्हटलं की लोकांचे कान टवकारायचे. आता काहीतरी चमचमीत ऐकायला मिळणार म्हणून माणसं खुर्ची पुढे ओढून बसायची, आणि मग बिचाऱ्यांची निराशा व्हायची. कारण दोघींचं मस्त जमायचं. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण ती रेणूंवरून. आणि रेणूंवरच्या भांडणात तिसऱ्याला काय गोडी वाटणार, सांगा!

भावजय रसायनं बनवायची. नणंद ती कशी असावीत ते कॉम्प्युटरवर ठरवायची. भावजय तिथे आधीपासून होती. नणंद रुजू झाली त्या दिवशी भावजयीने भर मीटिंगमध्ये, अगदी जुन्या थाटात, "या वन्सं, बसा" असं स्वागत केलं आणि झालं! त्या दिवसापासून अख्खी प्रयोगशाळा तिला वन्संच म्हणायला लागली. फाटकावरचा रखवालदार म्हणायचा, "वन्सं, गाडी जरा आत घ्या." प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सरसुद्धा, विचारायचे, "यावर वन्संचं काय म्हणणं आहे?" आणि वन्संची वहिनी मग ओघानेच सगळ्यांची वहिनी झाली. आपणही तसंच म्हणू. उगाच वेगळा मान कशाला?

आता यांचं काम काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं. घाबरू नका, परीक्षा नाही. आपल्या शरीरातली प्रोटीनं एकटीदुकटी राहत नाहीत. एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि त्यावरच पेशींची कामं चालतात. फुप्फुसाच्या एका आजारात अशी दोन प्रोटीनं एकमेकांना मिठी मारून बसायची ती सोडायचं नाव नाही. तर या दोघींना एक छोटासा रेणू हवा होता. त्याने त्या दोघांच्या मध्ये शिरायचं, एकाला धरून बसायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं, बाबा रे, तू नीघ आता. बोलायला सोपं आहे. नेहमीच्या औषधांना प्रोटीनवर कुठेतरी खोल खळगा मिळतो, औषध त्यात जाऊन बसतं. दोन प्रोटीनं जिथे चिकटतात ती जागा मात्र लांबरुंद आणि सपाट असते, तिथे रेणूला बूड टेकायला जागा मिळत नाही. त्या जागेला वन्सं शिवण म्हणायच्या. चार वर्षं त्या शिवणीत कुठे टाचणीएवढी फट सापडते का हे बघत होत्या.

चार वर्षांत सदतीस रेणू झाले. चित्र वन्संचं, हात वहिनींचे, आणि शेवटी मापारी. मापारी म्हणजे खालच्या मजल्यावरचे एक मितभाषी गृहस्थ. प्रत्येक नवा रेणू त्या जोडीवर घालायचा आणि जोडी किती सुटली ते मोजायचं, हे त्यांचं काम. सदतीस वेळा त्यांनी मोजलं आणि सदतीस वेळा जोडी जशीच्या तशी. मापाऱ्यांना स्वतःलाच इतका संकोच वाटायला लागला की निकालाचा कागद ते हातात द्यायचे बंद झाले होते. जेवणाच्या सुट्टीत येऊन वहिनींच्या टेबलावर उपडा ठेवून जायचे.

अडतिसावा रेणू जवळजवळ होत आला असताना, एका संध्याकाळी जेवताना, वहिनींनी सांगून टाकलं. वन्संचं घर दादांच्या घरासमोरच होतं, एकाच जिन्यावर दोन दारं, आणि वन्संचं जेवण रोज दादांकडेच. दादा म्हणजे वन्संचे थोरले भाऊ आणि वहिनींचे यजमान. शाळेत मुलांना कवायत आणि खेळ शिकवायचे.

"हा अडतिसावा झाला की मी थांबणार आहे," वहिनी म्हणाल्या. "यांच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवंय. शनिवारपर्यंत कळवायचंय त्यांना. लिटमस बुडवायचा, लाल झाला, निळा झाला, टाळ्या. मजेचं काम आहे."

वन्संनी हातातला घास ताटात ठेवला. "का पण?"

"कंटाळा आला," वहिनी म्हणाल्या आणि दादांना वाढायला लागल्या. दादांनी मान वर केली नाही.

वन्संना ते कारण लगेच पटलं, कारण त्यांना स्वतःचाच राग येत होता. थंडगार खोलीत बसून चित्रं आपण काढायची, पाच-पाच आठवडे उभं राहून कमरेचा काटा हिने ढिला करून घ्यायचा, आणि हाती धुपाटणं. कोणाला कंटाळा येणार नाही? पण वहिनी गेली तर आपण इथे करायचं काय? रसायनं बनवणारा दुसरा कोणीही मिळाला असता, हुशारही मिळाला असता. वन्संना दुसरा नकोच होता. जिच्या हातचा माल डोळे मिटून घ्यावा अशी ही एकच बाई, ती लिटमस बुडवायला जाणार? छे! मग त्यांनी मनाशी सरळ हिशोब मांडला. अडतिसावा चालला तर वहिनी राहील, नाही चालला तर जाईल. म्हणजे अडतिसावा चाललाच पाहिजे.

त्यानंतरच्या मंगळवारी वन्संच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. नवा आला, जुन्यातल्या फायली त्यावर चढल्या, पण एक राहून गेली. तिचं नाव होतं 'धुणं'.

धुणं हा वन्संनी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला सहा ओळींचा प्रोग्राम. प्रोटीनांचे स्फटिक करून त्यांची जी चित्रं मिळतात, त्यांत प्रोटीनासोबत पाण्याचे कणही येतात. पडद्यावर ते लाल ठिपके दिसतात, शेकड्यांनी. बहुतेक सगळे इकडून तिकडे भटकणारे, आज इथे उद्या तिथे. त्यांचा हिशोब करत बसलं तर कॉम्प्युटर घामाघूम होतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी ते पुसून टाकायचे, अशी सगळीकडेच पद्धत. वन्संचं धुणं तेवढंच करायचं. फाइल उघडली की चित्र दिसायच्या आत लाल ठिपके साफ. चार वर्षांत वन्संनी त्या जोडीची न धुतलेली फाइल डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहायची वेळच आली नव्हती.

त्या मंगळवारी मात्र फाइल तशीच उघडली. पडद्यावर गोवर आल्यासारखे लाल ठिपके. "अगंबाई, धुणं राहिलं वाटतं," असं स्वतःशीच म्हणत वन्संनी ते हाताने पुसायला घेतले. बाहेरचे पुसले, कडेचे पुसले, आणि शिवणीपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. शिवणीत तीन ठिपके होते. ओळीने, नीट अंतर ठेवून. प्रत्येकाचा एक हात डाव्या प्रोटीनाला, एक हात उजव्या प्रोटीनाला.

भटकणारं पाणी असं ओळीने उभं राहत नाही. वन्संनी दुसरा स्फटिक उघडला. त्या जोडीचे एकूण बारा स्फटिक वेगवेगळ्या ठिकाणच्या वेगवेगळ्या लोकांनी केलेले होते, आणि कोणाचा कोणाशी संबंध नव्हता. दुसऱ्यात तेच तीन ठिपके, त्याच जागी. तिसऱ्यात तेच. बारांपैकी अकरांत तेच, आणि बारावा इतका अंधुक होता की त्यात प्रोटीनच धड दिसत नव्हतं, पाण्याचं काय घेऊन बसलात!

वन्सं खुर्चीवरून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. चार वर्षं त्यांनी ज्या फटीत रेणू बसवले होते ती फट रिकामी नव्हतीच. तिथे पाणी बसलेलं होतं, आणि नुसतं बसलेलं नाही तर दोन्ही बाजूंना घट्ट धरून. नाट्यगृहात रिकामी खुर्ची बघून आपण रुमाल टाकावा आणि खुर्चीत अख्खं माणूस बसलेलं असावं, तशातली गत. ते माणूस आपल्याला दिसत नव्हतं, कारण त्याला आपणच पुसलं होतं.

त्यांनी पाणी जागेवर ठेवून सगळे रेणू पुन्हा तपासायला लावले. नवा कॉम्प्युटर वेगवान होता, मेला. दुपारी चारच्या चहापर्यंत यादी हातात. पूर्वी वरच्या नंबरात आलेले सदतीसही आता तळाला गेले होते. आणि अडतिसावा, ज्याच्यावर वन्संनी सगळी भिस्त ठेवली होती, तो तळाच्याही तळाला. सर्वांत जाडजूड तोच होता ना! पाणी नाही म्हटल्यावर वन्संनी सगळी रिकामी जागा भरून काढायला त्याच्या टोकाला एक मोठं कडं जोडलं होतं. आणि त्याच वेळी शेजारच्या इमारतीत वहिनी त्याच्या शेवटच्या शुद्धीकरणाची तयारी करत होत्या.

त्या संध्याकाळी वन्संनी डोकं दुखतंय असं सांगून जेवण टाळलं. डोकं दुखत नव्हतं, तोंड दाखवायची लाज वाटत होती. सकाळी कामाला निघाल्या तर जिन्यात दादा पायरीवर बसून शाळेच्या फुटबॉलांत पंपाने हवा भरत होते. वन्सं त्यांच्या शेजारी बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"म्हणजे बघ दादा, गप्प बसले तर अडतिसावा उद्या मोजला जाईल, चालणार नाही, आणि वहिनी शाळेत जाईल. पण निदान माझ्यावर चिडून तरी नाही जाणार. आणि सांगितलं तर तिला कळेल की चार वर्षं माझ्या गाढवपणासाठी ती राबली. मग ती जाईल ते जाईल, वर आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही."

दादांनी एक बॉल दाबून बघितला. "सांगायचं नाही असं तुझं ठरलं असतं तर तू मला सांगत बसली नसतीस."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मी फुटबॉलवाला माणूस." दादांनी पंप बाजूला ठेवला. "आणि ती कंटाळून चाललीये असं तुला वाटतंय का? बावीस वर्षं मी तिच्याबरोबर राहतोय. कंटाळलेली ती मी बघितलेली नाही."

त्याचा अर्थ विचारायची वन्संना हिंमत झाली नाही. शिवाय उशीर झाला होता.

वहिनींच्या प्रयोगशाळेत त्यांचा एक कडक नियम होता. कॉलम चालू असताना कोणी बोलायचं नाही. कॉलम म्हणजे बारीक पांढऱ्या पुडीने भरलेली काचेची उभी नळी. वरून कच्चा माल सोडायचा, त्यामागून द्रव ओतत राहायचं, आणि खाली एकेका परीक्षानळीत तो थेंबथेंब गोळा करायचा. शुद्ध माल कुठल्या नळीत उतरतो ते जाणकाराच्या नजरेला कळतं. वरचा द्रव संपून पुडी कोरडी पडली की तिला तडे जातात आणि सगळं मुसळ केरात. वहिनींचा कॉलम आजवर कधी कोरडा पडला नव्हता.

वन्सं दारात उभ्या राहिल्या तेव्हा कॉलम चालू होता. चाळीसेक नळ्या भरून लाकडी मांडणीत उभ्या होत्या. वहिनींनी मागे न बघताच हात वर केला, थांब म्हणून.

"वहिनी, थांबले तर माझ्याच्याने पुन्हा बोलवणार नाही," वन्सं म्हणाल्या आणि बोलायला लागल्या. धुणं, बारा स्फटिक, तीन ठिपके, सगळं. स्वतःला पाठीशी घातलं नाही. सगळेच पाणी पुसतात, हे तोंडावर आलेलं वाक्यसुद्धा गिळलं. वहिनी ऐकत होत्या आणि नळ्या बदलत होत्या. एक भरली, दुसरी सरकवली. दुसरी भरली, तिसरी सरकवली.

"आणि अडतिसावा?" त्यांनी विचारलं.

"तोही नाही चालणार. तो तर मुळीच नाही."

"आधीचे सदतीस?"

"सगळे. अडतीसच्या अडतीस. वहिनी, तुझी काही चूक नव्हती गं. तू कितीही चांगलं बनवलं असतंस तरी चाललं नसतं. चूक सगळी माझ्या कागदावर होती."

वहिनींनी पुढची नळी उचलली, पण सरकवली नाही. थेंब टेबलावर पडायला लागले. वरचा द्रव हळूहळू खाली आला, पुडीच्या पातळीला आला, आत गेला. पुडीला वरून खालपर्यंत एक तडा गेला. वहिनी तो बघत उभ्या राहिल्या, आणि मग स्टुलावर बसल्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेवटचं. ते चूक कुठे होती ते."

"माझ्या कागदावर. तुझ्या मालात नाही."

वहिनींनी हातमोजे काढले. हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, जसं काही ते कोणी परत आणून दिले होते.

"दोन वर्षांपूर्वी मी डोळे तपासून आले," त्या म्हणाल्या. "नंबर होता तोच होता. मग डॉक्टरांना हात दाखवले, थरथरतात का म्हणून. ते म्हणाले, बाई, तुमचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. तरी मला खरं वाटेना. वजनकाटा तीनदा दुरुस्तीला पाठवला. विसावा रेणू मी चार वेळा बनवलाय, माहितीये? तुला मात्र एकदाच केला म्हणून सांगितलं."

"चार वेळा? अगं पण का?"

"कारण दर वेळी निकाल आला की तू विचारायचीस. माल शुद्ध होता ना गं, वहिनी?"

वन्संना आधी आठवेना. मग आठवलं. खरंच विचारायच्या त्या. दर वेळी. त्यात वाकडं काही नव्हतं. या धंद्यात निकाल वाईट आला की पहिला प्रश्न तोच विचारतात. हवापाण्याचं विचारावं तसा तो तोंडातून जायचा. उत्तर ऐकायलाही त्या थांबायच्या नाहीत, पुढच्या चित्राचं डोक्यात सुरू झालेलं असायचं.

"सदतीस वेळा विचारलंस," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, माझा हात गेला. जातो की माणसाचा, वयाबरोबर. बोलायचं कसं? तुला सांगावं तर तू म्हणणार, नाही गं वहिनी, तसं काही नाही. मग म्हटलं शाळा बरी. लिटमसला हात गेलेला कळत नाही."

वन्संचे डोळे भरून आले. रोज एका टेबलावर जेवत होतो आपण, एकाच जिन्याने उतरत होतो, आणि ही बाई मनातल्या मनात झिजत होती. आपल्याला वाटलं, कंटाळली. आपल्या प्रश्नाने झिजत होती. "मी माती खाल्ली गं," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या मालाची शंका कधीच नव्हती. एकदाही नाही. मला काय माहीत तू ते मनाला लावून घेतेस!"

"मग विचारायचं कशाला, वन्सं?" वहिनींनी जरबेने विचारलं, पण त्यांचे ओठ हलायला लागले होते. "अडतीसच्या अडतीस?"

"अडतीसच्या अडतीस."

आणि वहिनींना हसू फुटलं. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग खो खो. बाजूच्या खोलीतले लोक डोकावून गेले. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली आणि बाई हसतेय म्हणजे डोक्यावर परिणाम झाला, असंच कोणालाही वाटलं असतं. वन्संनाही क्षणभर तसंच वाटलं. पण ते हसणं सुटकेचं होतं, आणि मग त्याही रडता रडता हसायला लागल्या.

"चल," डोळे पुसत वहिनी उठल्या. "दाखव मला ते पाणी."

चार वर्षांत वहिनी वन्संच्या खोलीत बसायला पहिल्यांदाच आल्या. तिथल्या गार हवेने त्यांना शिंका यायच्या. लाल ठिपक्यांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, तीन वेळा शिंकल्या, आणि म्हणाल्या, "याला उठवायचं कशाला? बसू दे की. याच्याच हाताला धरून बसू आपण. एक हात आपल्याकडे आला की त्या बाजूचं प्रोटीन सुटेल."

"कशाने धरणार?"

"ते अडतिसाव्याचं जाड कडं काढून टाक. त्या जागी एक साधा नायट्रोजन ठेव, पाण्याकडे तोंड करून. कडं जोडायच्या आधीचा माल माझ्याकडे पडलाय. तिथून तीन पायऱ्या. नऊ दिवस."

वन्संनी तसं चित्र केलं. पाणी जागेवर ठेवून तपासलं. पहिल्यांदाच रेणू शिवणीत असा बसला की त्याला कुठे कोंबावं लागलं नाही.

सरांना सांगणं बाकी होतं. प्रकल्प बंद करायचा कागद त्यांच्या टेबलावर तयारच होता. वन्संनी त्यांनाही सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर उठले, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "वन्सं, धुणं मीही वापरतो. तुम्हीच दिलं होतंत."

"अर्ध्या इमारतीला दिलंय, सर."

सर बिचारे खाली बसले. मग तो बंद करायचा कागद त्यांनी एका जाड पुस्तकाखाली सरकवला आणि पंधरा दिवस तो आपल्याला सापडणार नाही असं जाहीर करून टाकलं. त्या आठवड्यात इमारतीत बऱ्याच लोकांनी जुन्या फायली गुपचूप उघडून पाहिल्या म्हणे.

ते नऊ दिवस फार छान गेले. रेणू चालेल की नाही याचा घोर होताच, पण वहिनी गुणगुणत काम करत होत्या, आणि त्यांचं गुणगुणणं वन्संनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. तिसऱ्या पायरीला वहिनींनी वन्संना उभं करून कॉलमच्या नळ्या बदलायला लावल्या. वन्संनी चार सांडल्या, दोन नळ्यांचे नंबर उलटे लावले आणि पाच मिनिटांत हकालपट्टी करून घेतली. मधला तो शनिवारही येऊन गेला. त्या दिवशी जेवताना शाळेचा विषय कोणी काढला नाही. दादा फुटबॉलबद्दल बोलले. वन्संना विचारायचं होतं, शाळेला काय कळवलंस म्हणून, पण उत्तर हो असलं तर? उरलेले दिवस तरी सुखाने जाऊ देत, असं म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांच्या मनातला हिशोब अजून तोच होता. एकोणचाळिसावा चालला तर कदाचित राहील.

एकोणचाळिसावा खाली मापाऱ्यांकडे गेला तो गुरुवारी सकाळी. शुक्रवारी जेवणाची सुट्टी झाली तरी कागद आला नाही. तीन वाजले तरी नाही. वन्सं वहिनींच्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या आणि एकच स्टूल दहादा इकडून तिकडे सरकवत होत्या. वहिनी काचा विसळत होत्या.

साडेतीनला मापारी स्वतः दारात आले. कागद या वेळी उपडा नव्हता.

"तीनदा मोजलं," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. "म्हणून वेळ लागला. जोडी सुटतेय. सगळी नाही, निम्म्याच्या वर. पण सुटतेय." आणि मग, काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वहिनींचा ओला हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि लाजून निघून गेले.

वन्संनी कागद वाचला, पुन्हा वाचला. औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. निम्म्याचं पूर्ण करायला अजून किती रेणू लागतील त्याची गणती नव्हती. पण जोडी सुटत होती! त्यांनी वहिनींना मिठी मारली, काचेसकट, साबणासकट. आणि आता तरी विचारावं म्हणून, श्वास रोखून विचारलं.

"वहिनी, आता शाळेला सांगशील का गं, येत नाही म्हणून? अजून उशीर नसेल झाला. दादा बोलेल हवं तर."

वहिनी काच सुकायला ठेवत होत्या. "सांगितलं की."

"कधी?"

"त्या बुधवारीच. तू येऊन सगळं सांगितलंस ना, त्याच संध्याकाळी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"पण तेव्हा एकोणचाळिसावा नव्हता," वन्सं म्हणाल्या. "कॉलमसुद्धा तडकून पडला होता. तेव्हा काय होतं आपल्याकडे?"

"माझे हात होते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते पुसले, नवे मोजे चढवले आणि वन्संना दाराकडे वळवलं. "जा आता. चाळिसाव्याचं चित्र दे."